ठसा निघाला की सही

“कोपरा सोड,” हाओ लाओशी म्हणाल्या. “सोड म्हणते ना!”

मी सोडला. नखाएवढा कागद बोटाला चिकटून आला. बाकीचा साडेचार मीटर लांब कागद भिंतीवर होता तिथेच राहिला. मागच्या गर्दीतून एक लांबलचक “आय्यो” निघाला. हा उद्गार चिनी लोक अगदी आपल्या दक्षिणेकडच्यासारखा काढतात. कंपनीच्या व्हिडिओवाल्याने कॅमेरा खाली घेतला आणि मग, काय वाटलं कोण जाणे, पुन्हा वर केला.

“हा डिंक कोणी केला?” त्यांनी विचारलं. मला नाही, सगळ्या अंगणाला.

डिंक करायचं काम माझं होतं. सगळ्या अंगणाला ते माहीत होतं.

*

इथे थांबते. यापुढची दहा मिनिटं मी आजवर एकाच पद्धतीने सांगत आले आहे. कॉलेजला दिलेल्या अहवालात ती अशी आहेत:

‘दि. २४ एप्रिल २०१२ रोजी माझ्याकडून डिंकाचे प्रमाण चुकले. त्यामुळे ठसा भिंतीवरून काढता आला नाही व कलाकृतीचे नुकसान झाले. सदर चुकीची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे.’

सही माझी आहे. तारीख बरोबर आहे.

*

मी वासंती तोडकर. तेव्हा अडतीस वर्षांची. कोल्हापुरातल्या एका चित्रकला महाविद्यालयात मुद्राचित्रण शिकवायचे. लाकूड, लिनो, जस्ताचा पत्रा कोरायचा, शाई लावायची, कागदावर छाप घ्यायचा. पुण्याला दोन वर्षं शनिवार-रविवार खेपा घालून चिनी शिकले होते. त्या जोरावर देवाणघेवाणीच्या एका योजनेत सहा महिन्यांसाठी बीजिंगच्या उत्तरेला लिउजिंग नावाच्या गावात गेले. लिउजिंग म्हणजे सहा विहिरी. मी गेले तेव्हा एक उरली होती, तीही झाकलेली.

गावात निम्मे शेतकरी, निम्मे चित्रकार. भाडं कमी म्हणून शहरातून आलेले. एकजण प्रत्येक घरातली धूळ झाडून बाटल्यांत भरत होता आणि बाटलीवर त्या कुटुंबाचं नाव लिहीत होता. दोघी बहिणी बुलडोझरच्या मापाचा लोकरी स्वेटर विणत होत्या. एक बाही झाली होती. कारण गाव पाडायचं ठरलं होतं. त्या जागी मॉल आणि अठ्ठावीस मजली इमारती येणार होत्या.

तिकडे चित्रकाराला, शिक्षकाला आदराने ‘लाओशी’ म्हणतात, आपण सर किंवा मॅडम म्हणतो तसं. तोडकर हे आडनाव त्यांच्या जिभेवर पहिल्या अक्षरापुरतंच टिकलं. त्यामुळे धडधडीत बाई असून मी होते तितके दिवस ‘तो लाओशी’ होते.

हाओ छिंग बावन्न वर्षांच्या. त्या घरांचे ठसे घ्यायच्या. पूर्वी तिकडे दगडावर कोरलेल्या लेखांचे ठसे घेत, तीच रीत. बायजी नावाच्या कंदाचे काप रात्रभर भिजवले की भेंडीच्या पाण्यासारखं बुळबुळीत पाणी सुटतं. तो डिंक. त्याने अतिशय पातळ कागद भिंतीवर लावायचा आणि काथ्याच्या ब्रशने ठोकत राहायचं, इतकं की प्रत्येक खड्ड्यात, चिरेत कागद जाऊन बसला पाहिजे. कागद निम्मा वाळला की कापसाची पुरचुंडी शाईत बुडवून हलक्या हाताने थापटायचं. उंचवटे काळे होतात, खड्डे पांढरे राहतात. मग कोपऱ्यापासून सोलून काढायचा. डिंक पातळ झाला तर कागद वाऱ्याने गळून पडतो. घट्ट झाला तर निघतच नाही. दोन बोटांत ताणला तर तार येता कामा नये, एवढंच प्रमाण. मला ते दुसऱ्याच आठवड्यात जमलं होतं. हे मुद्दाम सांगते. पंधरा वर्षं मुद्राचित्रण शिकवलेली बाई आहे मी.

पाडायच्या प्रत्येक घरावर लाल रंगात एक अक्षर लिहीत आणि त्याभोवती गोल काढत. अक्षराचा अर्थ ‘पाडा’. पहिल्याच दिवशी मी विचारलं, “हे अक्षर ठशात कसं दिसणार?”

“दिसणार नाही,” हाओ लाओशी म्हणाल्या. “रंग उमटत नाही. खोली उमटते.”

आणि खरंच, त्यांच्या कागदांवर घरं होती. वीट न् वीट, खिळ्यांची भोकं, सायकलचं हँडल घासून पडलेले चर. फक्त ते अक्षर नव्हतं. कोणी पाडलं, का पाडलं, कशाचाच पत्ता नाही. बीजिंगमधल्या समीक्षकांना हे फार आवडलं. मॉल बांधणाऱ्या कंपनीच्या तेंग मॅनेजरला त्याहून आवडलं.

*

तेंग मॅनेजर पस्तिशीचा, नीटनेटका, बोलायला गोड. घरं रिकामी करून घेणं हे त्याचं काम. त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. ज्या घराचा ठसा हाओ लाओशी घेतात, त्या घरातली माणसं दोन-चार दिवसांत मुकाट्याने निघून जातात. म्हाताऱ्या बायका कागदावर हात फिरवतात, रडतात, म्हणतात, ‘आता घर इथे आहे.’ आणि सही करतात.

मग तो आधीच येऊन सांगायला लागला. “हाओ लाओशी, उद्या उत्तरेच्या गल्लीत या ना. तीन कुटुंबं अडून बसलीत.” कागद कंपनीचा, गाडी कंपनीची. एप्रिलच्या शेवटी शहरात मोठं प्रदर्शन, तेही कंपनीचंच. आणि शेवटचा ठसा मॉलच्या दारात, काचेमागे कायमचा लागणार होता.

तो शेवटचा ठसा बियान यांच्या पूर्वेच्या भिंतीचा.

बियान शिफू एकोणऐंशी वर्षांचे. शिफू म्हणजे उस्ताद. वीटभट्टीवर आयुष्य गेलेलं. त्या भिंतीतली प्रत्येक वीट त्यांनी स्वतः थापलेली आणि भाजलेली, काहींवर त्यांच्या अंगठ्याचा खळगाही होता. मधून एक तिरकी चीर गेली होती, शहात्तरच्या भूकंपातली. “भूकंपाने पडली नाही,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पुढचं वाक्य बोलत नसत.

मार्चमधल्या गावसभेत तेंगने त्यांना चारचौघांत डिवचलं होतं. “शिफू, तुम्हाला घर नको, भिंत हवी. भिंत हाओ लाओशी काढून देतील कागदावर. मग तरी जाल?”

म्हातारा तापला. “जाईन! काढू दे ठसा. ठसा निघाला की सही.”

तेंगने तिथल्या तिथे लिहून घेतलं. तो कागद मी पाहिला आहे. त्यात होतं:

‘सदर घराच्या पूर्वेकडील भिंतीचा ठसा पूर्ण करून, भिंतीवरून अखंड काढून, कलाकाराच्या हाती आल्यावर बियान कुटुंब घराचा ताबा देईल. तोपर्यंत कंपनी घरास हात लावणार नाही.’

खाली तेंगची सही, बियान यांचा अंगठा, सरपंचाचा शिक्का. ‘अखंड’ हा शब्द तेंगचा. मॉलच्या दारात फाटका कागद कसा लावणार?

*

आदल्या दिवशी दुपारी मी आणि हाओ लाओशी मोजमाप घ्यायला गेलो. बियान ओट्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होते.

“ये पोरी. माझ्या भिंतीचं कातडं काढायला आलीस?”

“शिफू, असं काय बोलता?”

“मग काय बोलू? सून म्हणते नव्या फ्लॅटला लिफ्ट आहे. लिफ्टने वर जाऊन बघू काय? माझं घर कुठे होतं ते?”

“मग नाही म्हणा. सही करू नका.”

त्यांनी बी दातात धरून माझ्याकडे नीट पाहिलं. “तुमच्या देशात बोललेलं परत गिळतात?”

“गिळतात की.”

“इथेही गिळतात,” ते म्हणाले. “मला जमत नाही. सत्तर माणसांसमोर बोललो. ठसा निघाला की सही. बोललो ते बोललो.”

हाओ लाओशी टेप धरून भिंतीपाशी उभ्या होत्या. माप घेऊन झालं होतं, तरी उभ्या होत्या.

“चौतीस,” त्या म्हणाल्या.

“काय चौतीस?”

“घरं. मी ठसा घेतला ती. एकही उभं नाही.” टेप सर्रकन आत गेली. “तो, तू पुढे जा. कंद भिजत घाल. मी शिफूंशी जरा बोलून येते.”

मी गेले. कंद भिजवले, संध्याकाळी पाणी गाळलं, दोन बोटांत ताणून पाहिलं. तार नाही. व्हिडिओवाला तेव्हा तिथेच होता. ‘कलाकृतीची तयारी’ म्हणून त्याने माझी बोटंसुद्धा टिपली.

*

चोवीस तारखेची सकाळ. सात वाजता ऊन, वारा अगदी मंद. एप्रिलच्या शेवटी बीजिंगमध्ये पॉपलरच्या झाडांचा कापूस उडतो. नाकात, चहात, ओल्या कागदावर, सगळीकडे. तो चिमट्याने वेचून काढणं हेही माझंच काम.

हाओ लाओशींनी मला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. “आधी स्वेटरवाल्या बहिणींकडून उंच शिडी आण.”

“इथली नाही चालणार?”

“नाही.”

बहिणी गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्यांनी चहा पाजला, दुसरी बाही दाखवली. परत यायला पाऊण तास गेला. आले तेव्हा कागद भिंतीवर चढलेला, आणि शिडी कशालाच लागणार नव्हती. हाओ लाओशी ब्रशने ठोकत होत्या. ब्रशचा आवाज नेहमीसारखा टपटप येत नव्हता, दबका येत होता. बियान शिफूंच्या स्वयंपाकघरातून पीठ शिजल्याचा वास येत होता. मला वाटलं, म्हातारा नूडल्स करतोय. पाहुणे येणार म्हणून.

मी कापूस वेचायला लागले.

साडेदहाला गर्दी जमली. तेंग, त्याची दोन माणसं, सरपंच, गावातले उरलेसुरले, आमचे चित्रकार. बियान यांची सून नवी पर्स घेऊन आलेली. टेबलावर लाल कापड, त्यावर ताबापत्र आणि शाईचं पॅड. हाओ लाओशींनी शाई थापटली. भिंत कागदावर उगवत गेली. मी त्यांचे बरेच ठसे पाहिले होते, असा पाहिला नव्हता. चीर विजेसारखी पांढरी. अंगठ्याचे खळगे एकेक करून उघडत गेलेले. बियान शिफू उभे राहून बघत होते आणि ओठ हलवत होते. विटा मोजत असावेत.

सव्वाअकराला हाओ लाओशी बाजूला झाल्या. “तो, कोपरा उचल.”

हे त्या कधीही मला करू देत नसत. मला वाटलं, परकी पाहुणी म्हणून मान दिला. कॅमेऱ्यासाठी.

मी कोपरा उचलला.

*

“हा डिंक कोणी केला?”

“मी,” मी म्हणाले.

“तार बघितली होतीस?”

“हो. काल...”

“बघितली होतीस तर हे काय आहे?” त्या माझ्यावर अशा ओरडल्या की गर्दीतलं पोर रडायला लागलं. “चार महिने शिकवतेय! पंधरा वर्षं मास्तरकी केली म्हणे! एवढा साधा डिंक येत नाही? माझं वर्षाचं काम गेलं! कशाला येता तुम्ही लोक इथे?”

कानशिलं तापली माझी. मी भांड्याकडे वळले. इनॅमलच्या भांड्यात तळाला उरलेलं बोटावर घेतलं, त्यांच्या नाकासमोर धरणार होते, बघा, तार नाही म्हणून.

तार नव्हती. गोळा होता. आणि नाकाशी नेल्यावर कळलं की बियान यांच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी नूडल्स नव्हत्याच.

माझे वडील पुस्तकबांधणी करायचे. खळीच्या वासात मी वाढले. परीक्षेच्या दिवसांतही आमच्या घरात चुलीवर आधी खळ चढायची, मग आमटी. गव्हाच्या पिठाची खळ मला झोपेत कोणी हुंगवली तरी ओळखेन.

मी मान वर केली. हाओ लाओशी अजून ओरडत होत्या, पण डोळे ओरडत नव्हते. डोळे माझ्यावर नुसते टेकलेले होते. बियान शिफू आकाशातल्या कापसाकडे बघत होते, आणि त्यांच्या काळ्या सदऱ्याच्या बाहीला कोपरापर्यंत पीठ लागलं होतं.

मी बोट पदराला पुसलं. ओढणी होती खरं तर.

“मॅडम, एक मिनिट.” तेंग. इंग्रजीत. म्हणजे बाकी कोणाला कळू नये म्हणून. त्याने मला अंगणाच्या कडेला, त्या झाकलेल्या विहिरीपाशी नेलं. भांडं त्याच्या हातात होतं. त्यानेही हुंगलं होतं.

“यात पीठ आहे.”

“आहे.”

“काल संध्याकाळचा तुमचा डिंक माझ्याकडे व्हिडिओत आहे. पाण्यासारखा होता.”

“होता.”

“तर मग हे तुम्ही केलेलं नाही.” तो अगदी मऊ आवाजात बोलत होता. “मॅडम, तुम्ही पाहुण्या आहात. तुम्हाला उगाच बोलणी खावी लागली. तुम्ही फक्त एवढंच म्हणा की हे मी केलं नाही. मुद्दाम कोणी बिघाड केला असेल तर करार त्यांनी मोडला. मग अटीबिटी काही नाही. पाडायचं यंत्र गल्लीच्या तोंडाशी उभं आहे. जेवायच्या आत मोकळे होऊ सगळे. तुमचे उरलेले दोन महिने नीट जातील. मी स्वतः बघेन.”

“आणि मीच केलं असेल तर?”

“तर तुमच्या संस्थेला कळवावं लागेल. इतक्या अकुशल व्यक्तीला पाठवलं म्हणून. तुम्हाला परत जावं लागेल.” त्याने खांदे उडवले. “पण तुम्ही केलेलं नाही.”

गल्लीच्या तोंडाशी खरंच यंत्र होतं. त्याच्या टपावर कापूस साचला होता.

“मीच केलं,” मी म्हणाले. “कालचा डिंक मला पातळ वाटला. फेकून दिला. पहाटे नवा केला. आमच्याकडे असाच करतात.”

“पिठाचा?”

“पिठाचाच. त्याला खळ म्हणतात.”

“पीठ कुठून आणलंत?”

“बियान शिफूंकडून. मागून घेतलं.”

तो हसला. “कशी करतात ही तुमची खळ? सांगा बरं.”

इथे तो चुकला. हा प्रश्न त्याने मला शाईबद्दल विचारला असता, कागदाबद्दल विचारला असता, तर कदाचित अडखळले असते.

“मैदा असेल तर उत्तम, नसेल तर बारीक पीठ,” मी म्हणाले, आणि इंग्रजी सोडून चिनीत म्हणाले, मोठ्याने, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. “आधी थंड पाण्यात कालवायचं. गरम पाण्यात कालवलं की गुठळ्या होतात, मग बापजन्मात मोडत नाहीत. मंद आचेवर ठेवायचं आणि एकाच दिशेने ढवळायचं, हात थांबवायचा नाही. रंग बदलतो. आधी पांढरी असते, मग काचेसारखी होते. काचेसारखी झाली की उतरवायची. किडा लागू नये म्हणून मोरचूद घालतात, तो निळा खडा असतो, पिकावर मारायच्या औषधात घालतात तो. माझ्या वडिलांनी या खळीने बांधलेल्या वह्या साठ वर्षं झाली सुटलेल्या नाहीत. मला वाटलं, एवढ्या मोठ्या कलाकाराचं काम आहे, चांगलं पक्कं चिकटू दे. माझी चूक झाली. हाओ लाओशी, मी माफी मागते.”

मी वाकले. तिकडे वाकतात तशी, कमरेतून.

धूळवाला चित्रकार फस्सकन हसला आणि खोकल्याचं नाटक करायला लागला.

*

तेंग हुशार होता. दोन मिनिटांत सावरला. “ठीक. खरवडून काढा.”

“खरवडा,” बियान शिफू पहिल्यांदाच बोलले. त्यांचा आवाज एकदम तरुण झाला होता. “खरवडा की. पण मग तो अखंड राहील का, मॅनेजरसाहेब? तुमच्याच अक्षरात लिहिलंय. अखंड.”

“दुसरा कागद लावा.”

“कशावर?” हाओ लाओशींनी विचारलं. “ही खळ भिंतीच्या भोकाभोकांत गेलीय. ती काढायची तर तारेच्या ब्रशने घासावं लागेल. अंगठे जातील, चीर बुजेल. मग ठसा कशाचा घेऊ? सपाट भिंतीचा? तो तुमच्या ऑफिसात पण मिळेल.”

सून टेबलापाशी पर्स आवळून उभी होती. “बाबा, सही करून टाका ना. लोक बघतायत.”

“ठसा निघाला की सही,” म्हातारा म्हणाला. “मी दिलेला शब्द मोडत नाही. सत्तर माणसांसमोर बोललोय.”

तेवढ्यात ऊन भिंतीवर पूर्ण आलं. कागद वाळत चालला होता आणि वाळताना खळीने त्याला आत ओढून घेतलं होतं. विटेत मुरवलं होतं म्हणा. आणि शाईच्या मधून, पांढऱ्या जागांमधून, हळूहळू लाल दिसायला लागलं. आधी गोलाचा एक तुकडा. मग अक्षराचा वरचा फराटा. चौतीस कागदांत कधी न आलेलं ते अक्षर अंगणातल्या सगळ्यांना वाचता येईल इतकं वर आलं. हाओ लाओशींचा हात तोंडावर गेला. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगेन.

व्हिडिओवाला टिपत होता. तेंगने त्याला थांब म्हणेपर्यंत त्याने सगळं टिपलं.

*

पुढचं थोडक्यात.

माझ्या कॉलेजला तीन दिवसांत पत्र गेलं. नवव्या दिवशी मी विमानात होते. विभागप्रमुख आठ वर्षं, निवृत्त होईपर्यंत, प्रत्येक पाहुण्याशी माझी ओळख करून देत: “या आमच्या तोडकर मॅडम. चीनला जाऊन खळ बिघडवून आल्या.” पाहुणे हसत. मीही हसायचे. एकदाही खुलासा केला नाही. बियान शिफू गेल्या हिवाळ्यात वारले. करार मोडला म्हणून त्यांच्याकडे भरपाई परत मागायला आता कोणी जाऊ शकत नाही, म्हणून आज बोलतेय.

जायच्या आदल्या दिवशी मी हाओ लाओशींना विचारलं होतं, “मला आधी सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तुझा चेहरा बोलला असता. तुला खोटं येत नाही असं वाटायचं मला.”

“आणि मी नाही म्हटलं असतं तर? मी केलं नाही म्हणून?”

“तर बियान यांचं घर त्याच दुपारी गेलं असतं. आणि मीही.” त्यांनी सिगरेट पेटवली. “तुला विचारायचा मला हक्क नव्हता. म्हणून विचारलं नाही.”

“हे काही उत्तर नाही झालं, लाओशी.”

“नाहीच आहे.” राख झटकून म्हणाल्या, “पण तो निळा खडा कसा सुचला गं तुला ऐन वेळी?”

“सुचला नाही. ते खरं आहे.”

त्या इतक्या हसल्या की सिगरेट विझली.

प्रदर्शनात चौतीस ठसे लागले. पस्तिसाव्या जागी तेंगने मोकळी भिंत ठेवायला सांगितली. मोकळीच ठेवली. उद्घाटनाच्या दिवशी हाओ लाओशींनी तिथे तळहाताएवढं कार्ड चिकटवलं:

‘बियान यांचे घर, पूर्वेची भिंत.
कागद, शाई, पीठ, वीट, लाल रंग.
काम जागेवर आहे.
शेवटच्या स्टॉपवर उतरून उत्तरेला चालत पंधरा मिनिटे. मालक घरीच असतात.’

पहिल्या रविवारी अकरा माणसं गेली. दुसऱ्या रविवारी साठ. मग वारही राहिला नाही. बियान शिफू ओट्यावर बसून लोकांना दटावत, “हात लावू नका. चित्र आहे ते.” बहिणींनी स्वेटर पुरा केला आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या यंत्राला घातला. छान बसला म्हणे. मला फोटो आला.

भिंत नोव्हेंबरपर्यंत उभी होती. सात महिने. मग वरून दुसरा हुकूम आला, करारबिराराला न जुमानणारा. पाडली. दिवसाढवळ्या, शे-दीडशे लोकांच्या कॅमेऱ्यांसमोर पाडावी लागली. हाओ लाओशींचा निरोप दोन ओळींचा होता: ‘आज पाडली. सही नाही.’ मॉल झाला. त्याच्या दारात काचेमागे कृत्रिम धबधबा आहे.

त्यानंतर हाओ लाओशींनी एकही ठसा काढला नाही. म्हणजे भिंतीवरून काढला नाही. कागद लावतात, ठोकतात, शाई थापटतात आणि निघून जातात. पुढच्याच वसंतात त्या दुसऱ्या कुठल्या गावात होत्या. तिथून पत्र आलं. नेहमीसारखं, ना कशी आहेस, ना आभार. ‘तुमच्या खळीचं प्रमाण नीट लिहून पाठव. सोबत आठजण आहेत, सगळ्यांच्या गुठळ्या होतात.’

मी त्याच दिवशी लिहून पाठवलं:

बारीक पीठ एक वाटी. पाणी सहा वाट्या, त्यातलं एक वाटी थंड पाणी कालवायला. आच मंद. हात थांबवू नये. काचेसारखी दिसली की उतरवावी. मोरचूद चिमूटभर, नंतर हात धुवावेत. भिंत आधी ओली करून घ्यावी, वीट पाणी पिते. कागद लावल्यावर मधून बाहेर ठोकत जावं, हवा राहू देऊ नये. एक दिवस उन्हात वाळू द्यावं.

निघणार नाही.